शहराच्या चेहऱ्याचा राखणदार

घर मालकाचे, पण घराची दर्शनी भिंत कोणाची? ब्रसेल्सचे महापौर शार्ल ब्युल्स यांनी १८८३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले, ते भाषणातून नव्हे तर पालिकेच्या तिजोरीतून. त्या विलक्षण नगरप्रमुखाचा हा परिचय.

घराच्या आतल्या खोल्या मालकाच्या असतात. तिथे कोणता रंग द्यावा, कोणती खिडकी बुजवावी, कुठे पडदी उभारावी हे सर्वस्वी त्याने ठरवावे. पण रस्त्याकडच्या भिंतीचे काय? ती मालक स्वतः फारशी पाहतही नाही. पाहतात ते येणारे-जाणारे, समोरचे शेजारी आणि परगावाहून आलेले पाहुणे. तिची डागडुजी एकाच्या खिशातून होते, आनंद मात्र सारे शहर घेते. आणि ती विद्रूप झाली तर नुकसानही साऱ्या शहराचेच होते. मग अशा भिंतीचा खर्च कोणी सोसावा? मालकावर सक्ती करावी, की शहराने आपला वाटा उचलावा? आज जगातल्या अनेक नगरपालिका जुन्या वस्त्यांतील घरांच्या दर्शनी भागांसाठी अनुदान देतात, तेव्हा त्या नकळत या प्रश्नाशीच झगडत असतात. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला व्यवहारी उत्तर शोधणाऱ्या मोजक्या माणसांत शार्ल ब्युल्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

सोनाराच्या घरातला मुलगा

ब्युल्स यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८३७ रोजी ब्रसेल्समध्ये झाला. बेल्जियम हे राष्ट्र तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. वडील सोनार. घरात सुबत्ता होती आणि हाताच्या कामाविषयी आदर होता. मुलानेही तोच धंदा पुढे चालवावा, या अपेक्षेने त्याला रेखाटनाचे आणि धातुकामाचे शिक्षण मिळाले. तरुणपणी ब्युल्स सुमारे वर्षभर पॅरिसला राहिले; त्यानंतर कित्येक महिने इटलीत हिंडले. इटलीतील जुन्या शहरांचे चौक, त्यांना बिलगून उभी असलेली साधी घरे आणि त्या घरांच्या मधून अचानक समोर येणारी देवळे त्यांनी डोळे भरून पाहिली. भाषांचीही त्यांना आवड होती. फ्रेंच आणि डच या घरच्या भाषांखेरीज इंग्रजी, जर्मन, इटालियन या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या.

धातूच्या पत्र्यावर नक्षी उठवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर उमगते. एखादा तपशील बिघडला तर सारा दागिना बिघडतो, आणि जुना दागिना वितळवून टाकणे सोपे असले तरी तो पुन्हा घडवणे सोपे नसते. पुढे शहराकडे पाहतानाही ब्युल्स यांची दृष्टी अशीच राहिली. ते वास्तुविशारद नव्हते, अभियंतेही नव्हते. परंतु वस्तू कशी घडते आणि तिला कशी जपावी लागते, याचे भान त्यांना घरातच मिळाले होते.

सार्वजनिक जीवनात ते आले मात्र शिक्षणाच्या वाटेने. १८६४ मध्ये काही उदारमतवादी सहकाऱ्यांसह त्यांनी शिक्षण लीग स्थापन केली. प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचावे, ते धर्मसंस्थेच्या पकडीतून मुक्त असावे आणि घोकंपट्टीऐवजी निरीक्षणावर उभे राहावे, हा लीगचा आग्रह होता. त्या विचारांचा प्रत्यक्ष नमुना म्हणून १८७५ मध्ये ब्रसेल्समध्ये एक आदर्श शाळा सुरू झाली. तिथे मुलांना वस्तू हाताळायला देऊन, सहलींना नेऊन, व्यायाम करवून घेऊन शिकवले जाई. १८७७ मध्ये ब्युल्स नगरपरिषदेवर निवडून आले, १८७९ मध्ये शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि १८८१ च्या डिसेंबरात ते महापौर झाले. त्यावेळी त्यांचे वय ४४ होते. पुढची १८ वर्षे ते त्या पदावर राहिले.

हातोडा आणि बक्षिसे

ब्युल्स यांच्या हाती आलेले शहर नुकतेच मोठ्या शस्त्रक्रियेतून बाहेर पडले होते. त्यांच्या आधी १८६३ ते १८७९ अशी सोळा वर्षे ज्यूल आन्स्पाख महापौर होते. शहराच्या मधून वाहणारी सेन नदी तेव्हा उघडे गटार झाली होती; १८६६ मध्ये पटकीच्या साथीने शहर हादरले. आन्स्पाख यांनी नदी कमानींखाली गाडून टाकली, काठावरच्या दाट वस्त्या पाडल्या आणि त्यांच्या जागी पॅरिसच्या धर्तीवर रुंद, सरळ हमरस्ते काढले. १८७१ पासून हे रस्ते टप्प्याटप्प्याने रहदारीला खुले होत गेले.

रस्ते झाले, पण त्यांच्या दुतर्फा मोकळे भूखंड होते. तिथे कंटाळवाण्या, एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या तर सारा खटाटोप व्यर्थ जाणार होता. म्हणून पालिकेने एक युक्ती केली. १ जानेवारी १८७६ पूर्वी बांधून होणाऱ्या इमारतींपैकी उत्कृष्ट दर्शनी भाग असलेल्या वीस इमारतींना रोख बक्षिसे जाहीर करण्यात आली. २० हजार फ्रँकचे पहिले बक्षीस मिळाले ते आंरी बेयार्त या वास्तुविशारदाला. त्यांची ती उंच, निमुळत्या माथ्याची इमारत बोका आणि मांजरीच्या नावाने ओळखली जाते आणि ती आजही उभी आहे. शहराच्या पैशातून खासगी घरांचे चेहरे सुधारण्याचा हा ब्रसेल्समधला गाजलेला प्रयोग.

परंतु बक्षिसाने इमारती सुंदर झाल्या तरी त्यांत राहायला माणसे हवीत. स्वतंत्र घरात राहण्याची सवय असलेल्या ब्रसेल्सकरांना पॅरिससारख्या मजल्या-मजल्यांच्या भाड्याच्या इमारती फारशा रुचल्या नाहीत. या रस्त्यांवर साठांहून अधिक इमारती बांधणारा पॅरिसचा कंत्राटदार मोस्निए यात बुडाला. आणि नदीकाठची जी गरीब कुटुंबे हटवली गेली, त्यांची गर्दी शहरातल्या दुसऱ्या दाट वस्त्यांवर जाऊन आदळली. नवीन दर्शनी भिंत उभारताना जुनी वस्ती कुठे गेली, हे कोणी विचारले नाही.

दुसरीकडे मारोल या कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या डोक्यावर न्यायालयाची अवाढव्य इमारत उभी राहत होती. योझेफ पूलार्त यांनी आखलेल्या या इमारतीचे काम १८६६ मध्ये सुरू झाले. तिच्यासाठी वस्तीचा एक भाग जमीनदोस्त झाला. तिथल्या लोकांच्या बोलीत आर्किटेक्ट हा शब्दच शिवीसारखा वापरला जाऊ लागला. १८८३ मध्ये या इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी महापौर ब्युल्स यांनी एक अगदी लहान, गाजावाजा न होणारे काम पूर्ण केले. ते काम होते एका कराराचे.

जळून पुन्हा उभा राहिलेला चौक

त्या कराराचे महत्त्व समजण्यासाठी ग्राँ प्लास या चौकाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. ब्रसेल्सच्या मध्यभागी असलेला हा चौक सुमारे ११० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आहे. एका बाजूला उंच मनोऱ्याचा नगरभवनाचा वाडा आणि भोवताली निरनिराळ्या व्यवसायसंघांची घरे. आपल्याकडील प्राचीन श्रेणींशी ज्यांची तुलना करता येईल अशा या संघांपैकी कोणी खाटकांचा, कोणी नावाड्यांचा, कोणी बिअर गाळणाऱ्यांचा. प्रत्येकाने आपापले घर आपल्या ऐपतीने आणि हौसेने सजवलेले.

१३ ते १५ ऑगस्ट १६९५ या तीन दिवसांत चौदाव्या लुईच्या सैन्याने ब्रसेल्सवर तोफा डागल्या. सुमारे ४ हजार घरे जळाली. नगरभवनाचा मनोरा तगला. पण चौकाभोवतीची बहुतेक घरे राख झाली. संघांनी कंबर कसली आणि अवघ्या काही वर्षांत चौक नव्याने उभा केला. पुनर्बांधणी चालू असतानाच १६९७ मध्ये नगराने आदेश काढला, की कोणत्याही घराच्या दर्शनी भागाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा. प्रत्येक घर वेगळे असूनही सारा चौक एकजीव दिसतो, याचे एक कारण या आदेशात आहे.

फ्रेंच क्रांतीच्या वावटळीत व्यवसायसंघ बरखास्त झाले. राजेशाहीची आणि धर्माची चिन्हे म्हणून घरांवरील कित्येक पुतळे आणि कोरीवकाम फोडण्यात आले. घरे खासगी मालकांकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या घरांची रया गेली होती. दगडी नक्षीवर रंगांचे आणि गिलाव्याचे थर चढले होते, दुकानांच्या पाट्यांनी कोरीवकाम झाकले होते आणि झिजलेले दगड तसेच होते. पॅरिसहून परागंदा झालेले व्हिक्टर ह्यूगो १८५२ मध्ये याच चौकातल्या एका घरात राहिले होते. चौकाचे सौंदर्य परदेशी पाहुण्यांना दिसत होते. मालकांना मात्र दुरुस्तीचा खर्च दिसत होता.

यात मालकांचा दोष काढणे सोपे होते; पण ते न्यायाचे नव्हते. खाटकांच्या किंवा नावाड्यांच्या साऱ्या संघाने मिळून जो सोनेरी मुलामा आणि जी शिल्पे उभारली होती, ती टिकवणे एखाद्या दुकानदाराला किंवा खाणावळवाल्याला झेपणारे नव्हते. ज्या संघांनी ही घरे बांधली ते संघच उरले नव्हते. त्यांची जागा कोणी घ्यावी, हा खरा पेच होता.

१८८३ चा करार

ब्युल्स यांनी ही जागा शहराने घ्यावी असे ठरवले. १८८३ मध्ये पालिका आणि चौकातील घरमालक यांच्यात करार झाला. त्याचे तत्त्व सुटसुटीत होते. घर मालकाचेच राहील. आतला वापर, भाडे, विक्री यांत पालिका ढवळाढवळ करणार नाही. दर्शनी भागाचा जीर्णोद्धार आणि त्यानंतरची देखभाल पालिका करील. त्या बदल्यात मालकाने दरवर्षी एक ठरावीक रक्कम पालिकेकडे भरावी आणि दर्शनी भागात स्वतःच्या मर्जीने फेरफार करण्याचा हक्क सोडावा. हे बंधन व्यक्तीवर नव्हते, वास्तूवर होते.

या व्यवस्थेतला शहाणपणा नीट पाहण्याजोगा आहे. नुसती सक्ती केली असती तर मालकांनी पळवाटा शोधल्या असत्या. नुसते अनुदान दिले असते तर एकदा रंगरंगोटी होऊन दहा वर्षांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या. सर्व घरे विकत घ्यायची तर पालिकेच्या तिजोरीला ते परवडले नसते. शिवाय चौकातला जिवंत व्यवहार नाहीसा झाला असता. ब्युल्स यांनी मालकाला एका अनिश्चित, अवाढव्य खर्चाऐवजी निश्चित, सोसवेल अशी वर्गणी दिली आणि शहराला कायमचा हक्क मिळवून दिला. चौकाचा चेहरा त्यामुळे एका मालकाच्या मिजाशीवर किंवा एका महापौराच्या उत्साहावर अवलंबून राहिला नाही.

मग काम सुरू झाले. घरोघरी एकेक दर्शनी भाग तपासला गेला. अठराव्या शतकातील रेखाटने आणि दप्तरखान्यातील कागद धुंडाळून मूळ रूप काय असावे याचा शोध घेण्यात आला. पिएर-व्हिक्तोर जामार आणि नंतर आदोल्फ सामीन या वास्तुविशारदांनी पुढची कित्येक वर्षे या घरांवर काम केले. पाथरवट, मूर्तिकार, मुलामा देणारे कारागीर यांना काम मिळाले. नावाड्यांच्या संघाच्या घराचा माथा जहाजाच्या पिछाडीसारखा आहे. तो पुन्हा उठून दिसू लागला. हे काम ब्युल्स पायउतार झाल्यानंतरही, विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांपर्यंत चालू होते. करार टिकाऊ असल्याची ती पावतीच होती.

नगरभवनाला लागून असलेले तारा नावाचे घर रस्ता रुंद करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पाडण्यात आले होते. त्यामुळे चौकाच्या कोपऱ्यात दात पडल्यासारखी पोकळी दिसे. ब्युल्स यांच्या आग्रहाने १८९७ मध्ये ते घर पुन्हा उभे राहिले. परंतु तळमजल्याच्या जागी कमानी ठेवण्यात आल्या. वर घर आणि खालून रस्ता. रहदारीही थांबली नाही आणि चौकही पूर्ण झाला.

अर्थात या जीर्णोद्धारावर टीका करायलाही जागा आहे. ब्युल्स यांच्या आधीच सुरू झालेले आणि त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण झालेले, राजाचे घर म्हणून ओळखले जाणारे वास्तूचे काम याचे ठळक उदाहरण. जामार यांनी ती इमारत पाडून जवळजवळ नव्यानेच बांधली आणि पूर्वी कधी नसलेल्या काही गोष्टीही तिच्यात घातल्या. म्हणजे जपणूक आणि कल्पनारंजन यांच्यातली सीमारेषा त्या काळात पुसट होती. मात्र याच इमारतीत १८८७ मध्ये शहराच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले. चेहरा जपायचा तर स्मृतीही जपली पाहिजे, हे ब्युल्स यांना कळत होते.

भिंतीच्या आतले जग

दर्शनी भिंतींची कहाणी सांगताना त्यांच्या आतले जग विसरून चालणार नाही. ग्राँ प्लासवर हंस नावाचे एक देखणे घर आहे. पूर्वी ते खाटकांच्या संघाचे होते. ब्युल्स यांच्या काळात तिथे उपाहारगृह होते. १८८५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे करारानंतर दोनच वर्षांनी, याच घरात बेल्जियमच्या मजूर पक्षाची स्थापना झाली. ज्या देशात मालमत्तेवर ठरावीक कर भरणाऱ्या मूठभर पुरुषांनाच संसदेसाठी मतदान करता येत होते, तिथल्या कामगारांनी आपला पक्ष शहराच्या सर्वांत सुंदर चौकात उभा केला. मतदानाचा हक्क सर्व प्रौढ पुरुषांना मिळाला तो १८९३ च्या सार्वत्रिक संपानंतर. तोही सधन आणि सुशिक्षितांना जादा मते ठेवूनच.

ब्युल्स या साऱ्याकडे पाठ फिरवणारे नव्हते. पण ते क्रांतिकारकही नव्हते. त्यांचा भरवसा शाळेवर होता. १८८४ मध्ये सत्तेवर आलेल्या कॅथलिक सरकारने सरकारी शाळांचे पंख छाटणारा कायदा केला, तेव्हा देशभरातल्या उदारमतवादी नगरपालिकांना एकत्र आणून विरोधाचे नेतृत्व ब्युल्स यांनी केले. फ्लेमिश भाषकांच्या शिक्षणाचा आणि रंगभूमीचाही त्यांनी पुरस्कार केला. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ग्राँ प्लासवरच्या घरांना जो करार लाभला, तसा मारोलच्या घरांना लाभला नाही. ज्या घरांकडे पाहुण्यांचे लक्ष जाई त्यांचे भाग्य उजळले. दर्शनी भाग सुधारण्याच्या प्रत्येक योजनेपुढे हा प्रश्न आजही उभा असतो.

काळा बुरूज आणि एक छोटे पुस्तक

ब्युल्स यांची दृष्टी एका चौकापुरती मर्यादित नव्हती. १८८० च्या दशकात संत कॅथरीन चर्चजवळची जुनी घरे पाडली जात असताना, त्यांच्या मागे दडलेला तेराव्या शतकातल्या तटाचा एक बुरूज उघडा पडला. काळा बुरूज या नावाने तो ओळखला जातो. तो पाडून टाकणे सोयीचे होते. ब्युल्स यांनी तो वाचवला आणि जामार यांच्याकडून त्याची दुरुस्ती करून घेतली. आज त्याच्याभोवती आधुनिक इमारतीचा वेढा आहे, तरी बुरूज उभा आहे.

या अनुभवांतून १८९३ मध्ये त्यांचे शहरांच्या सौंदर्यशास्त्रावरचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. व्हिएन्नाच्या कामिलो झिटे यांनी १८८९ मध्ये याच विषयावर गाजलेला ग्रंथ लिहिला होता. परंतु झिटे वास्तुविशारद होते, तर ब्युल्स रोज फायली हातावेगळ्या करणारे महापौर. त्यामुळे त्यांच्या विवेचनात जमीन संपादनाचा खर्च, सांडपाणी, रहदारी यांचा हिशेब येतो. पट्टीने आखलेले सरळ रस्ते शहराला कंटाळवाणे करतात. जमिनीच्या चढउताराशी आणि जुन्या वाटांशी जुळवून घेणारे रस्ते स्वस्तही पडतात आणि नेत्रसुखदही असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोठ्या देवळाभोवतीची लहान घरे पाडून त्याला मोकळे मैदान करून देण्याच्या प्रथेला त्यांचा विरोध होता. लहान घरांच्या सोबतीनेच मोठी वास्तू मोठी दिसते, हे इटलीने त्यांना शिकवले होते. पुस्तक लवकरच इतर देशांतही वाचले गेले आणि १८९९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

राजाशी सामना

ब्युल्स यांची ही भूमिका एका बलाढ्य व्यक्तीला मानवणारी नव्हती. ती व्यक्ती म्हणजे राजा लिओपोल्ड दुसरा. राजाला राजधानी भव्य हवी होती. कमानी, प्रासाद, विस्तीर्ण मार्ग ही त्याची स्वप्ने. त्या स्वप्नांना पैसा पुरवणारा एक झरा आफ्रिकेत होता. काँगो हा प्रदेश राजाची जणू खासगी मालमत्ता होता आणि तिथे रबरासाठी लोकांवर अनन्वित जुलूम चालला होता. ब्रसेल्समधली १९०५ ची प्रचंड विजयकमान काँगोच्या पैशातून उभी राहिली. कोणत्याही भव्य दर्शनी भागासमोर उभे राहून, याचे पैसे कोणी मोजले, असे विचारणे किती आवश्यक आहे याचे याहून दाहक उदाहरण नाही. ब्युल्स हेही आपल्या काळाचेच होते. १८९८ मध्ये काँगोतील रेल्वेच्या उद्घाटनासाठी ते तिकडे गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

राजाची नजर राजवाड्यालगतच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीवर होती. ती पाडून तिथे कलांचा डोंगर म्हणून संग्रहालयांचा भव्य समूह उभारण्याचा बेत होता. ब्युल्स यांना एवढी सरसकट पाडापाडी मान्य नव्हती. मतभेद वाढत गेले आणि १८९९ च्या डिसेंबरात त्यांनी महापौरपद सोडले. वस्ती पाडली गेली. योजना मात्र राजाच्या हयातीत पूर्ण झाली नाही आणि ती जागा बरीच वर्षे तात्पुरत्या बागेच्या रूपात राहिली. घाईने पाडणाऱ्यांना बांधणे जमतेच असे नाही, हा धडा ब्रसेल्सने तेव्हा घेतला नाही.

शहरातल्या कलावंतांनी मात्र आपल्या महापौराची कदर केली. ज्या तारा घराचा त्यांनी पुनर्जन्म घडवला, त्याच्याच कमानीखाली १८९९ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ एक स्मृतिफलक बसवण्यात आला. शिल्पकार व्हिक्टर रूसो आणि वास्तुविशारद व्हिक्टर ओर्ता यांनी तो घडवला. जुन्याच्या रक्षणकर्त्याचा गौरव त्या काळच्या अगदी नव्या, वेलबुट्टीदार शैलीत झाला, यातले औचित्य लक्षणीय आहे. जुने जपणे म्हणजे नव्याला मज्जाव करणे नव्हे.

अखेरची वर्षे

पद गेले तरी ब्युल्स स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सयामपर्यंत प्रवास केला, त्यावर लिहिले. १९०३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने जुन्या ब्रसेल्सच्या अभ्यासासाठी समिती नेमली गेली. गल्लोगल्ली फिरून उल्लेखनीय दर्शनी भागांची छायाचित्रे घेणे आणि नोंदी करणे हे समितीचे काम. इथे नजर एका प्रसिद्ध चौकावरून साध्या गल्लीतल्या साध्या घरांकडे वळली होती. त्यातली बरीच घरे पुढे नष्ट झाली. कित्येकांची ओळख आता केवळ त्या छायाचित्रांतच उरली आहे.

१३ जुलै १९१४ रोजी ब्युल्स यांचे निधन झाले. तीनच आठवड्यांनी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी लूव्हेन शहर आणि तिथले जुने ग्रंथालय जाळले गेले. ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. ग्राँ प्लास मात्र त्या युद्धातून वाचला.

उरलेला हिशेब

पुढे युद्धाने नाही तर शांतताकाळाने ब्रसेल्सचे अधिक नुकसान केले. १९५० आणि ६० च्या दशकांत कचेऱ्यांच्या मनोऱ्यांसाठी जुन्या वस्त्या सर्रास पाडल्या गेल्या. ओर्ता यांनी मजूर पक्षासाठी बांधलेले आणि १८९९ मध्येच खुले झालेले जनगृह १९६५ मध्ये पाडण्यात आले. शहराची बेबंद मोडतोड करण्याला नगररचनाकारांनी ब्रसेल्सचेच नाव दिले. त्यानंतर दुसरे टोक गाठले गेले. इमारत आतून पूर्ण पोखरायची आणि फक्त रस्त्याकडची जुनी भिंत नव्या कचेरीला चिकटवायची, अशी पद्धत रूढ झाली. भिंत वाचली आणि घर गेले.

या अनुभवांनंतर १९९३ च्या कायद्याने ब्रसेल्स प्रदेशात वस्ती-करार सुरू झाले. हलाखीत असलेली एखादी वस्ती निवडायची आणि चार वर्षांत तिथली घरे, रस्ते, मोकळ्या जागा आणि सामाजिक सोयी यांवर सार्वजनिक पैसा खर्च करायचा, अशी ही योजना. खासगी घरांच्या दर्शनी भागांची सफाई व दुरुस्ती करण्यासाठी मालकांना अनुदान देण्याची प्रथाही तिथे रुजली. ब्युल्स यांच्या करारातून जी वस्ती सुटली होती, तिथवर पोहोचण्याचा हा उशिराचा प्रयत्न म्हणता येईल. १९९८ मध्ये ग्राँ प्लासला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लगेच पुढच्या वर्षी चौकापासून जवळच ब्युल्स यांचे शिल्प बसवले गेले. कारंज्याच्या कठड्यावर टेकलेले, हातात पुस्तक असलेले महापौर आणि शेजारी त्यांचा कुत्रा, असे ते साधे शिल्प आहे.

दर्शनी भाग सुधारण्याच्या योजना आज ज्या ज्या शहरात आखल्या जातात, तिथे बहुधा रंगाचा डबा आधी येतो आणि विचार नंतर. ब्युल्स यांनी क्रम उलटा ठेवला. आधी मूळ रूपाचा अभ्यास, मग मालकाशी लेखी करार, मग काम आणि कामानंतर वर्षानुवर्षांची देखभाल. खर्च शहराने उचलला, वर्गणी मालकाने दिली, हक्क दोघांनीही थोडा थोडा सोडला. शंभर नव्हे, जवळपास दीडशे वर्षांनंतर त्या चौकात उभे राहणाऱ्या कोणाही वाटसरूला या हिशेबाची कल्पना नसते. त्याला फक्त उजळलेल्या भिंती दिसतात. आत राहणारा माणूस सुखी आहे की नाही, हे मात्र त्या भिंतीवरून कळत नाही. त्यासाठी शहराला दार ठोठावून आत जावे लागते.